घरात कोणी नाही

माझ्या मामाने लाकूडवाल्यांकडून लाच खाल्ली, हे आमच्या सुंगेलो गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एक गोणी पीठ आणि मांसाचे डबे, एवढ्यावर म्हाताऱ्याने सगळं खोरं विकलं म्हणतात. म्हणोत. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पण मी तिथे होते, त्या झाडाखाली, त्याच्या शेजारी उभी होते. माझं ऐकून घ्या आणि मग हवं तर मलाही शिव्या घाला.

सावेली मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याची बायको तरुणपणीच गेली, पोरबाळ नाही. माझा नवरा नदीत बुडाला तेव्हा तो बिऱ्हाड उचलून माझ्याकडे आला, माझा पोरगा रोद्या रांगत होता तेव्हापासून तो आमच्याच चुलीजवळ झोपतो. रोद्याला बंदूक धरायला त्याने शिकवलं, मासा वाळवायला त्याने शिकवलं. पण बोलून नाही शिकवलं काही. बोलायचा कंटाळा! सकाळी 'चहा' म्हणायचा आणि रात्री 'दिवा' म्हणायचा, मधला सगळा दिवस आपण ओळखून घ्यायचा. मी कितीदा म्हटलं असेल, "मामा, तोंडाला गंज चढेल." तर हसायचा, तेही आवाज न करता.

अस्वल हा शब्द तर त्याच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही. आमच्या जंगलातलं ते काळं, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेलं. मी नाव घेते, कारण मी बाई आहे आणि तोंडाळ आहे. मामा 'थोरली' म्हणायचा, नर असेल तर 'थोरला'. आम्हा उदेगे शिकाऱ्यांत असं बरंच काय काय असतं, आणि आमच्या घराण्यात त्याहून जास्त. थोरली हिवाळ्याला ज्या झाडाच्या पोकळीत शिरते, त्या झाडाखाली उभं राहून ती आत आहे असं म्हणायचं नाही. सख्ख्या भावाने विचारलं तरी नाही. म्हणायचं, 'घरात कोणी नाही.' आणि टोपी काढायची. ज्याला कळायचं त्याला टोपीवरून कळतं. रिकाम्या झाडापुढे टोपी कोण काढतो?

का, तर ती झोपेतही ऐकते. आपल्या दारात उभं राहून आपला ठावठिकाणा सांगणाऱ्याला ती विसरत नाही. शिकारीला जायचे तेव्हाही म्हातारे हेच म्हणायचे, मारायचं असलं तरी. चुगली वेगळी आणि शिकार वेगळी.

आता त्या वर्षीचं सांगते. कम्युनिस्टांचा लाल झेंडा उतरून थोडाच काळ झाला होता. पगार बंद, दुकानात काड्यापेटी नाही, आणि जंगलात मात्र करवतींचा नुसता सुकाळ. खालची दोन खोरी तोपर्यंत बोडकी झाली होती. राहिलं होतं आमच्या मागचं, ओढ्याकाठचं. चिलगोज्याचे पाइन तिथलेच, लिंडेनचा मध तिथलाच, हिवाळ्यात चुलीवर जे काही शिजतं ते सगळं तिथलंच. त्याचाही करार कुठल्यातरी लाकूडवाल्याने शहरात बसून करून टाकला. आमचा रोद्या तेव्हा गावच्या डिझेलच्या जनित्रावर कामाला होता. कामाला म्हणजे काय, डिझेलच नसायचं, मग हा कायदे वाचत बसायचा. त्यात त्याला सापडलं, की काळ्या अस्वलाचं वस्तीचं झाड असेल तर त्याच्या आसपासची तोड थांबवता येते. पण झाडात अस्वल असल्याचं वनखात्याच्या माणसाने येऊन नोंदवायला हवं.

रोद्या घरी आला तो नाचतच. "आई, आजोबांना विचार, यंदा कुठल्या झाडात आहे?"

"तूच विचार की. तुझी जीभ काय मांजराने नेली?"

त्याने विचारलं. मामा जाळं विणत होता, विणत राहिला. मला ठाऊक होतं. मी त्याच्याबरोबर होते ना! पण झाड त्याने राखलेलं, दाखवायचं तर त्यानेच.

पानं गळायच्या सुमाराला मी आणि मामा चिलगोजे वेचायला ओढ्यावर गेलो होतो. त्या साली फळ अमाप आलं होतं आणि थोरली अशी माजली होती, की चालताना पोट जमिनीला लागायचं. वसंतात तिच्यामागे पिल्लं नव्हती, म्हणजे यंदा होणार. आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका पडक्या खोडामागे बसून तिचं घर शोधणं बघितलं. पोरीसाठी स्थळ बघणारी माणसंही इतकी चौकशी करत नसतील. पहिलं एक लिंडेन. वर चढली, भोकात डोकं घातलं, जरा वेळाने उलट्या पावली खाली आली. मामा माझ्या कानाशी म्हणाला, "ओल."

दुसऱ्या झाडाला बुंध्याशी खिडकी होती. चोर लोक करवतीने असं चौकोनी भोक पाडतात आणि आत झोपलेलीला तिथूनच गोळी घालतात. जुनी माणसं खिडकी पाडली तर कापलेला तुकडा परत बसवायची, शेवाळ आणि चिखल कोंबायची, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं कोणी राहायला येतं. हे हलकट तसंच उघडं टाकून जातात. मग त्या झाडात वारा वाहतो आणि ते कायमचं वाया जातं. थोरली त्या झाडाशी नुसती हुंगून पुढे गेली.

तिसरा होता म्हातारा पॉप्लर. तीन माणसं हातात हात धरून उभी राहिली तरी कवेत येणार नाही एवढा. भोक पार वर, लहान, दक्षिणेकडे तोंड करून. ती वर गेली, आत शिरली आणि मग कितीतरी वेळ काही नाही. नंतर आतून आवाज यायला लागला, करकर करकर. आतलं कुजकं लाकूड दातांनी सोलत होती. तेच अंथरूण. बाहेरून पाला आणत नाही की फांद्या आणत नाही, झाडाच्याच पोटातला भुसा करते आणि त्यात खळगा करून झोपते. पुढचे कितीतरी दिवस ती हेच करत होती, खायला खाली यायची आणि परत वर जाऊन करकर. तिचं ते सोलणं ऐकून मला आपलं बाळंतिणीच्या खोलीची तयारी आठवत होती. मी म्हटलं, "मामा, हिची आई नाही का कोणी मदतीला?" तर डोळे वटारले माझ्यावर.

पहिल्या मोठ्या बर्फाच्या आदल्या दिवशी ती आत गेली ती गेलीच. त्यांना ते कळतं. पावलं उमटली की बर्फाने पुसली जावीत, एवढा नेमका हिशेब. पण झाडाच्या बुंध्याशी भुसा आणि लाकडाच्या कपच्या पडल्या होत्या, आणि सालीवर नखांचे ताजे ओरखडे. चोराला याहून काय हवं? मामाने स्प्रूसची फांदी तोडली, सगळा भुसा गोळा केला आणि ओढ्यात सोडला. ओरखड्यांवर चिखल फासला. मीसुद्धा झाडलं त्याच्याबरोबर. काम झाल्यावर त्याने मागे जाऊन, मान तिरकी करून पाहिलं आणि समाधानाने टोपी काढली. झाड असं दिसत होतं, की शंभर वर्षांत तिथे चिमणीसुद्धा आली नसावी.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला तेव्हा वाटलं.

तर रोद्याने विचारलं आणि मामा जाळं विणत राहिला. रोद्याने मग रोजच धोशा लावला. "आजोबा, खोरं गेलं तर थोरलीही जाईल. सगळी झाडं पाडतील. नुसतं दाखवा." शेवटी एक दिवस मामा म्हणाला, "दाखवतो." एवढा एकच शब्द. पण त्या शब्दासाठी त्याला किती रात्री कुशी बदलाव्या लागल्या ते मी ऐकलं आहे, भिंत पातळ आहे आमची. परक्या माणसाला वस्तीचं झाड दाखवणं म्हणजे काय ते त्या पोराला कळलं नाही. तो आपला खूश.

नोव्हेंबरात वनखात्याचा माणूस आला. वादिम ल्वोविच नाव. मी त्याला वाईट म्हणणार नाही, हे आधीच सांगते. थकलेला, नाक गळणारा, बुटांना भोकं पडलेला माणूस. माझ्या हातची कुट्टूची लापशी खाऊन त्याने ताटली पुसून दिली. लाकूडवाल्यांकडून श्चुकिन नावाचा मुकादम आला होता, खांद्याला बंदूक अडकवून. तो मात्र हसरा. हसऱ्या माणसाची मला पहिल्यापासून भीती वाटते. मी निघाले तेव्हा रोद्या म्हणाला, "आई, तू कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही चौघे पुरुष, चहा कोण करणार? झाड?"

मामा पुढे, आम्ही मागे. बर्फ गुडघ्याएवढं. तो त्यांना सरळ घेऊन गेला, आडवाटेने नाही की फसवून नाही. पॉप्लरपाशी थांबला. आणि टोपी काढली.

ते वाऱ्यात उडणारे पांढरे केस अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. त्याने त्याच्या परीने सगळं सांगून टाकलं होतं.

वादिम ल्वोविचने झाडाभोवती फेरी मारली. भुसा नाही. ओरखडे नाहीत. वर भोक दिसत होतं, पण गारठा अजून म्हणावा तसा पडला नव्हता, त्यामुळे श्वासाचं दव भोकाशी गोठलेलं नव्हतं. त्याने नाक पुसलं आणि मामाला विचारलं, "काय आजोबा, हेच का? आत आहे का अस्वल?"

झाडाखाली उभं राहून. मोठ्यांदा. नाव घेऊन.

मामाने त्याच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं आणि म्हणाला, "घरात कोणी नाही."

रोद्याचं तोंड उघडंच राहिलं. "आजोबा! काय बोलताय? तुम्हीच तर आणलंत इथे!"

"कोणी नाही," मामा म्हणाला. "जुनं झाड. पोकळ. थंड."

श्चुकिन असा हसला, की खांद्यावरची बंदूक हलली. "घ्या! तुमचाच म्हातारा सांगतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला रीत ठाऊक होती, मला टोपी दिसत होती, आणि तरी त्या क्षणी वाटलं याला गदागदा हलवावं. मी ओरडले, "आहे! आत आहे! मी डोळ्यांनी बघितली आहे तिला शिरताना! आणि त्याने टोपी काढलीय, ते दिसत नाही का तुम्हाला? आमच्यात—" पुढचं बोलता आलं नाही, कारण मामाने माझ्या तोंडावर हात दाबला. मासळीचा आणि तंबाखूचा वास असलेला हात. एवढ्या वर्षांत त्याने मला बोट लावलं नव्हतं. कानाशी म्हणाला, "ऐकतेय ती, फेने."

"टोपी?" वादिम ल्वोविच म्हणाला. "मी अहवालात काय लिहू बाई? म्हाताऱ्याने टोपी काढली असं?" पण तो लगेच निघाला नाही, हेही सांगायला हवं. त्याने मामाचा दंड धरला आणि समजुतीने म्हणाला, "आजोबा, एकदाच हो म्हणा. मी इतका लांब आलोय तो 'हो' लिहायलाच आलोय. तुम्ही इथले जुने शिकारी, तुमच्या शब्दावर मी लिहीन. पुरावा मागणार नाही."

देवाने ताट वाढून पुढे केलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

मामाची मान हलली, तीही नाही म्हणून. "कोणी नाही."

"मग ठोकून बघू," श्चुकिन म्हणाला. खोडावर कुऱ्हाडीचा दांडा मारला की आतलं जनावर गुरगुरतं, हे त्यालाही ठाऊक. गुरगुरलं नाही तर बाहेर येतं, आणि बाहेर बंदूक होतीच. मामा झाडाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. "रिकाम्या झाडाला कशाला मारता?"

"रिकामं आहे तर राखण कशाची करता?" वादिम ल्वोविच म्हणाला. तो खरोखर गोंधळला होता.

एवढ्यात रोद्याने माझ्या हातातली कुऱ्हाड, चहाच्या सरपणाची, हिसकून घेतली, मामाच्या बगलेखालून वाकला आणि दाण् दाण् दोनदा ठोकलं. वरून बर्फ सांडलं. वादिम ल्वोविचने कान लावला. रोद्याने लावला. मीही लावला.

काही नाही. आवाज नाही, हालचाल नाही. पोटातल्या पिल्लांसाठी श्वाससुद्धा धरून बसली असेल. तिनेही मामासारखंच सांगितलं, घरात कोणी नाही. दोघेही एका माळेचे मणी!

रोद्या म्हणाला, "मी वर चढतो." खोड बर्फाने काचेसारखं झालेलं. वादिम ल्वोविच म्हणाला, "पडून मेलास तर जबाबदार कोण?" आणि मामा म्हणाला, "चढलास तर परत माझं तोंड बघू नकोस." पोराने कुऱ्हाड बर्फात फेकली आणि एकटाच घराकडे निघून गेला. चहा कोणीच प्यायलं नाही.

घरी आल्यावर मी मामाला फाडून खाल्लं. "एक शब्द, मामा! एक शब्द! अख्खं गाव आशेवर बसलं होतं. झाडापासून दहा पावलं लांब जाऊन सांगितलं असतंस तर काय तुझी जीभ झडली असती?"

"विचारलं झाडाखाली," तो म्हणाला. मग बूट काढता काढता, "टोपी काढली होती मी. अजून काय सांगायचं असतं?"

"कोणाला सांगितलंस? त्या शहरातल्या नाकपुश्याला? त्याला काय कळणार टोपी? तुझ्या नातवालासुद्धा ती कळत नाही!"

"का नाही कळत?" मामाने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. बोलून शिकवलं असतं तर कळलं असतं.

जानेवारीत तोड सुरू झाली. मामा रोज पहाटे जाऊन पॉप्लरच्या बुंध्याशी बसायचा आणि लाकूडतोडे दुपारी त्याला ट्रॅक्टरवर घालून घरी आणून सोडायचे, हसत, चुचकारत, दारुड्याला आणावं तसं. "तूच म्हणालास ना बाबा, रिकामं आहे?" त्याला विचारायचे. तिथे, झाडाखालीच विचारायचे. आणि हा म्हणायचा, "कोणी नाही." मग? मग उचल आणि ट्रॅक्टरवर टाक.

शेवटी एके दिवशी त्याला ताप भरला आणि तो उठू शकला नाही. त्याच दिवशी पॉप्लर पाडला.

मी नव्हते तिथे, रोद्या होता. झाड आडवं झालं तेव्हा ते मधोमध फुटलं आणि भुशातून ती उठली. पळाली नाही. पळू शकली असती. ती उलटी फिरून फुटलेल्या खोडात तोंड घालून काहीतरी शोधायला लागली. श्चुकिनने तिथेच गोळी घातली. रोद्या घरी आला तो टोपी छातीशी धरून. टोपीत दोन पिल्लं, माझ्या हातमोज्याएवढी, डोळे न उघडलेली, अंगाला तो कुजका भुसा चिकटलेला. मी दूध कोमट केलं, चिंधी बुडवून चोखायला दिली, अंगरख्यात छातीशी घेऊन बसले. मामा अंथरुणातून बघत होता. एक सकाळी गेलं आणि दुसरं त्याच्या पाठोपाठ. रोद्याने ती उचलली आणि दारात थांबून म्हणाला, "आजोबा, खरं सांगा. त्यांनी किती दिले?"

मी पोराच्या थोबाडीत मारली. पण शब्द बाहेर पडला होता. मामा भिंतीकडे वळला.

आणि त्याच आठवड्यात ते पीठ आलं. श्चुकिनने ट्रॅक्टरवरून आमच्या पायरीशी एक गोणी पीठ आणि मांसाच्या डब्यांचं खोकं उतरवलं, भर दुपारी, समोरच्या दुकानाबाहेर सगळं गाव पाव मिळण्याची वाट बघत उभं असताना. मोठ्यांदा म्हणाला, "सावेली आजोबांना आमच्याकडून! असा सरळ माणूस हल्ली मिळत नाही!" थट्टा होती की खरंच उपकार मानत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी बाहेर जाऊन गोणीला लाथ मारली. माझाच अंगठा दुखावला. आम्ही ते घरात घेतलं नाही. ते पायरीशीच पडलं, कुत्र्यांनी फाडलं आणि बर्फावर पीठ पसरलं. भुकेलं गाव येता-जाता ते बघत होतं. घरात घेतलं असतं तर लाच म्हणाले असते, नाही घेतलं तर म्हणाले, बघा, माज बघा, फुकटचं आलं म्हणून उधळतायत.

रोद्या त्यानंतर जनित्राच्या खोलीतच राहायला गेला. पण पोरगा चिवट, आमच्याच रक्ताचा. पिल्लांचं आणि थोरलीचं सगळं लिहून त्याने शहरात पाठवलं. खोऱ्याचा वरचा भाग अजून उभा होता. नोव्हेंबरात झाडात अस्वल होतं आणि ते ठाऊक असून झाड पाडलं हे सिद्ध झालं, तर करार मोडणार होता. उन्हाळ्यात वादिम ल्वोविच परत आला, या वेळी एका मोठ्या साहेबाला घेऊन. शाळेच्या खोलीत बसले. सगळं गाव खिडकीशी.

मी मामाला सदरा घालून घेऊन गेले. वाटेत म्हटलं, "मामा, आता ती ऐकायला नाही."

"हो," तो म्हणाला. "आता नाही ऐकत."

मोठ्या साहेबाने विचारलं आणि मामा बोलला. आयुष्यात बोलला नसेल इतका बोलला. थोरली कुठल्या झाडाशी थांबली, कुठलं तिने का सोडलं, पॉप्लरमध्ये किती दिवस सोलत होती, भुसा त्याने कसा झाडला, चिखल कसा फासला. अस्वल हा शब्दसुद्धा उच्चारला त्याने. "होती," तो म्हणाला. "आत होती. पोटुशी होती. मला माहीत होतं." आणि टोपी दोन्ही हातांत घट्ट धरून उभा राहिला.

साहेबाने कागद उलटले. "पण इथे लिहिलंय, की तुम्ही स्वतः, साक्षीदारांसमोर, पुन्हा पुन्हा 'घरात कोणी नाही' म्हणालात. तोडीच्या दिवसांतही रोज म्हणत होतात असं लाकूडतोडे सांगतात."

"झाडाखाली म्हणालो."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात?"

"खोटं नाही. झाडाखाली तसंच म्हणतात."

"मग आता खरं बोलताय हे मी कशावरून धरू?"

मामाने इकडेतिकडे पाहिलं. त्याने रोद्याकडे पाहिलं, वादिम ल्वोविचकडे पाहिलं, तो आपल्या बुटांकडे बघत होता. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "पिठाचं विचारा त्याला!" आणि हशा पिकला. साहेबाने पेनाचं टोपण लावलं. जुन्या माणसांचं वय होतं, तो म्हणाला, त्यांना दोष देता येत नाही. जाताना मामाच्या पाठीवर थोपटलंसुद्धा. झोडपलं असतं तर कमी लागलं असतं.

पानं गळली तेव्हा करवती वरच्या खोऱ्यात शिरल्या.

आता मामा सकाळी उठतो आणि गावाबाहेरच्या वळणावर जाऊन उभा राहतो. लाकडाचे ट्रक तिथूनच उतरतात. ट्रक आला की टोपी काढतो आणि ओरडतो. माझा मामा, जो दिवसातून दोन शब्द बोलायचा! "आहे! आत आहे! अरे थांबा, आत आहे ती!" ट्रकवर जाड जाड लिंडेन बांधलेले असतात, कापलेल्या तोंडाकडून पोकळ दिसणारे. ड्रायव्हर भोंगा वाजवून हात हलवतात, त्यांना वाटतं म्हातारा नमस्कार करतोय.

आणि गावातली पोरं तिथे खेळायला जमतात. टोपी कशासाठी काढतात ते त्यांना कोणी शिकवलं नाही, झाडाखाली काय म्हणायचं तेही शिकवलं नाही. पण शाळेच्या खिडकीतून ऐकलेलं एक वाक्य त्यांना पाठ झालंय. मामा ओरडला, "आत आहे!" की सगळी एका सुरात, टाळ्या पिटत उत्तर देतात, "घरात कोणी नाही! घरात कोणी नाही!"

आमच्या घराण्यातलं एवढंच आता गावभर चालू आहे. मी त्यांच्यावर दगड भिरकावते, आईबापांचा उद्धार करते, ती पांगतात आणि परत येतात. मग मी मामाच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर घालते, कानांवरून नीट खाली ओढते आणि त्याला जेवायला घरी आणते.